नाडीची वही

१८ ऑगस्ट २०२५, सोमवार

ही वही आजपासून सुरू, कारण हे नोव्हेंबरात एकवीस किलोमीटर पळणार आहेत. वय अठ्ठावन्न. बँकेतली तीस-बत्तीस वर्षं खुर्चीत गेली, स्वेच्छानिवृत्तीनंतर दोन वर्षं आरामखुर्चीत, आणि आता एकदम हे.

ह्यांच्या घरातले पुरुष साठी बघत नाहीत. सासरे सत्तावन्नाव्या वर्षी पूजेला बसल्या जागी गेले. धाकटे दीर रघूत्तमभावजी गेल्या वर्षी पिरियापट्टणच्या बाजूला कामासाठी गेले होते. तिथं छातीला हात लावून खाली बसले. जवळपास हृदयाची पट्टी काढायचं मशीन नव्हतं. मैसूरला आणेस्तोवर सगळं संपलं होतं. म्हणून हे पळणार. इथला एक ट्रस्ट खेड्यापाड्यांत तपासणीची व्हॅन पाठवतो, तिच्यात एक ईसीजी मशीन रघूत्तमभावजींच्या नावानं द्यायचं, आणि त्यासाठी पळणाऱ्यांनी ओळखीपाळखीतून पैसे जमवायचे. हेतू उत्तम आहे. मला भीती वाटते ती हेतूची नाही.

ट्रस्टच्या सुप्रीता सिस्टर घरी येऊन गेल्या. पन्नाशीपुढच्या धावपटूच्या घरच्यांनी रोज त्यांची नाडी मोजून लिहायची आणि काही खुणा विचारायच्या, असा त्यांचा नियम. खुणांचं कन्नड पत्रक मी फ्रिजवर चिकटवलं आहे. दम लागणं, गार घाम, हात, जबडा किंवा पाठ दुखणं, मळमळ.

मी मिरजेची, म्हणून मराठीत लिहिते. हे चार पिढ्यांचे मैसूरकर. घरात बोलतात मराठी, निदान ते तिला मराठी म्हणतात, पण शाळा सगळी कन्नडात. मराठी वाचायला दिलं तर ओळीखाली बोट ठेवून दोन मिनिटं घालवतात. तेव्हा वही कुठं लपवायची गरज नाही. आज नाडी चौसष्ट. खुणा नाहीत.

२२ ऑगस्ट, शुक्रवार

नाडी बासष्ट. खुणा नाहीत.

पहाटे साडेपाचला कुक्करहळ्ळी तळ्याभोवती हे पळतात आणि मी बाकावर बसून राहते. झाडांच्या वळणाआड गेले की दिसत नाहीत. ती अकरा मिनिटं मी कशी काढते ते मलाच माहीत. आज वळणावरून यायला तेरा मिनिटं लागली. उठून त्या बाजूला चालू लागले तर माझंच काळीज इतकं धडधडायला लागलं की परत बसले. हे आले आणि हसून म्हणाले, "तारा, सुम्ने भिऊ नको की." सुम्ने म्हणजे उगाच. एकतीस वर्षांच्या संसारात हा शब्द मी भाजीतल्या मिठाइतका खाल्ला आहे. वर म्हणाले, भित्यापाठी ब्रह्मराक्षस. ही एक मराठी म्हण मात्र त्यांना अगदी शुद्ध येते.

३० ऑगस्ट, शनिवार

ट्रस्टच्या शिबिरात ह्यांची तपासणी झाली. सरकत्या पट्ट्यावर पळवलं, तारा लावल्या. डॉक्टर म्हणाले, चाळिशीतल्या माणसाचं हृदय आहे. मी विचारलं, मशीन बरोबर आहे ना? हे लाजून दुसरीकडे बघायला लागले.

सुप्रीता सिस्टर मला म्हणाल्या, मॅडम, घरच्यांचंही करतो, तुम्हीही झोपा, पाच मिनिटं लागतील. मी नाही म्हटलं. मी थोडीच पळणार आहे? शिवाय एकाच दिवशी घरातल्या दोघांना मशीन लावायचं म्हणजे दैवाला पाट मांडून बोलावणं. ह्यांचं चांगलं निघालं आहे, तेवढ्यावर थांबावं. सिस्टरना हे कारण सांगितलं नाही, उपास आहे म्हणाले. उपासाचा आणि मशीनचा काय संबंध, असं त्या बघत राहिल्या.

सासऱ्यांचं हृदयही चांगलंच होतं. पूजेला बसेपर्यंत.

५ सप्टेंबर, शुक्रवार

नाडी साठ. खुणा नाहीत.

रोज नाहीत, नाहीत असं लिहिताना धीर यायला हवा, पण मला वाटतं हे लपवतात. शेजारच्या शकुंतलाबाईंपाशी मन मोकळं केलं. त्या म्हणाल्या, नवस बोल. चामुंडीच्या टेकडीच्या हजार पायऱ्या, प्रत्येक पायरीला वाकून हळद आणि कुंकू. त्यांनी लेकाच्या अपघातानंतर केलं होतं. दोन अटी. कुणाला सांगायचं नाही, आणि एका दमात वर पोचायचं. मध्ये सोडलं तर ज्याच्यासाठी बोललो त्याला ते बाधतं, पुन्हा पहिल्या पायरीपासून करावं लागतं.

रात्री देवापाशी बोलून टाकलं. ह्यांच्या पळण्याआधी फेडीन.

९ सप्टेंबर, मंगळवार

हे लिहायला नको, पण कुठं तरी सांगायलाच हवं. नवस मोडला.

सहाला पायथ्याशी होते. उपास होता. एक वाकणं, दोन बोटं, एक पायरी. दीडशेपर्यंत मजेत गेले, शाळकरी पोरी मागून भराभर येऊन पुढे जात होत्या. दोनशेनंतर श्वास पुरेना. दोनशे चाळीसला पाठीत, दोन्ही खांद्यांच्या मध्ये, कुणी मूठ दाबून धरल्यासारखं झालं. वाकून वाकून झालं असणार. दहा मिनिटं बसले, उठले, दोन पायऱ्या केल्या आणि परत फिरले. खाली येताना माझी मीच केलेली कुंकवाची बोटं चुकवत पाय टाकत होते.

सत्तावन्न वर्षांचं धड शरीर, आणि नवऱ्यासाठी हजारदा वाकता येत नाही. घरी आले तर हे बूट पुसत गाणं गुणगुणत होते. मी आत जाऊन नळ सोडून रडले. आता ह्यांना काही झालं तर ते माझ्या दोनशे चाळिसाव्या पायरीमुळे.

नाडी एकसष्ट. तीनदा मोजली.

२४ सप्टेंबर, बुधवार

काल हे दसऱ्याची दिव्यांची रोषणाई बघायला चला म्हणाले. चौकापर्यंत गेलो आणि माझी दाढ ठणकायला लागली, म्हणून परतलो. खालचा डावा जबडा आठ-दहा दिवस असाच दुखतो. चालताना दुखतो, बसलं की थांबतो. लवंग धरून बघितली.

आज दाताच्या डॉक्टरकडे गेले. कोवळी मुलगी आहे, नुकतीच पास झालेली. एक्स-रे काढला, ठोकून बघितलं, आणि म्हणते दाढेला काहीच नाही आंटी, तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांना दाखवा. दाताच्या डॉक्टरला दात कळेना. पैसे फुकट गेले.

नाडी एकसष्ट. खुणा विचारल्या. दम? नाही. घाम? पळाल्यावर येतो तेवढा. जबडा? "अय्यो, नाही की." पाठ? नाही. तेव्हा खुणा नाहीत.

११ ऑक्टोबर, शनिवार

आजचा दिवस शत्रूलाही नको.

हे सकाळी बेळगोळपर्यंत पळून परत येणार होते. त्या रस्त्याला ट्रक असतात म्हणून मला स्कूटरवरून मागे येऊ दिलं नाही. आठला घरी म्हणाले होते. साडेआठ झाले, पावणेनऊ झाले. फोन टेबलावरच पडलेला. मी स्कूटर काढली. वाटेत जी जी गर्दी दिसली तिथं मला हे पडलेले दिसत होते. शहर संपलं. अंगाला गार घाम फुटला, पदर भिजला, पाठीत तीच मूठ, आणि मळमळायला लागलं. स्कूटर उभी करून मोरीच्या कठड्यावर बसले. देवाला म्हणाले, मला ने, ह्यांना राहू दे.

आणि समोरून हे आले. चालत, हातात पिशवी. बेळगोळला ह्यांचे बँकेतले जुने सहकारी दिगंबरराव राहतात. त्यांनी मशीनसाठी चेक दिला आणि इडली खाल्ल्याशिवाय सोडलं नाही. पिशवीत माझ्यासाठीही इडल्या होत्या. ह्यांनी हात धरला आणि विचारलं, हात असा बर्फ का झालाय? भीतीने, मी म्हटलं. मग हे माझ्या मनगटावर बोटं ठेवून घड्याळाकडे बघत राहिले. एक मिनिट, पुन्हा एक मिनिट. नाडी कशी बघायची ते मीच शिकवलं होतं, बरं लक्षात ठेवलंय.

येताना स्कूटर त्यांनी चालवली. सगळ्या वाटेत एक शब्द बोलले नाहीत. लाज वाटली असावी. वाटायलाच हवी.

१९ ऑक्टोबर, रविवार

वहीत पहिल्यांदा खूण लिहिते आहे. दम.

माझ्या हिंदीच्या शिकवण्या माडीवर असतात. गेले आठ दिवस हे माझ्याबरोबर जिना चढतात, वर काम असो वा नसो, आणि सातव्या पायरीला थांबतात. कठडा धरतात, "थांब की स्वल्प" म्हणतात, मिनिटभर उभे राहतात आणि मग पुढे चढतात. सोळा किलोमीटर पळणारा माणूस चौदा पायऱ्यांच्या जिन्यावर थांबतो. बाजारातून येताना सगळ्या पिशव्या ते घेतात आणि तरी पावला-पावलाला थांबून दुकानांच्या पाट्या वाचतात. विचारलं तर गुडघा म्हणतात. कधी डावा, कधी उजवा.

सुप्रीता सिस्टरना फोन करून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, मॅडम, तुम्ही कशा आहात, तुम्हाला काही होतंय का? मी म्हटलं, विषय माझा नाही. ह्यांनी त्यांना आधीच काही तरी सांगून ठेवलेलं दिसतं. सगळे मिळून माझ्यापासून लपवताहेत. दिवाळी उद्यावर आली, आणि घरात चकलीचं पीठही मळलेलं नाही. मला फार थकल्यासारखं होतं. काळजी माणसाला आतून पोखरते, आई म्हणायची ते खरं.

२८ ऑक्टोबर, मंगळवार

हे म्हणाले, मोठ्या दवाखान्यात वेळ घेतलीय, परवा दोघांनी जाऊन तपासून येऊ. दोघांनी, म्हणे. एकट्याला जायची भीती वाटते आणि सोबतीला मी हवी, एवढं मला कळतं.

पण नवस अर्धा असताना मशीनपुढे गेलो तर वाईटच निघणार. हे सांगता येईना. मग शिकवणीच्या मुलांची परीक्षा काढली, डोकेदुखी काढली, शेवटी भांडण काढलं. प्रार्थनाचाही बेंगळुरूहून फोन आला, आई, जा ना. लेकीलाही वडिलांनी सामील करून घेतलंय. अखेर पळण्याच्या दुसऱ्या दिवशी, दहा तारखेला जायचं ठरलं. "सोमवार म्हणजे सोमवार," हे म्हणाले. "त्यापुढं एक दिवस नाही." इतक्या करड्या आवाजात हे माझ्याशी कधी बोलत नाहीत. माणूस आतून घाबरला की आवाज चढतो.

म्हणजे माझ्या हातात देवीचा वार फक्त एक, पुढचा मंगळवार.

४ नोव्हेंबर, मंगळवार

झाला. पुरा झाला.

शकुंतलाबाईंकडे हळदीकुंकवाची तयारी आहे, असं खोटं सांगून पाचला बाहेर पडले. चारशेला जबडा सुरू झाला. लवंग घरीच राहिली. मग ठरवलं, दहा पायऱ्या आणि एक बसणं. सहाशेला पाच आणि एक. वाटेतल्या मोठ्या नंदीपाशी पोचले तेव्हा डोळ्यांपुढे काळोखी आली, कठड्याला टेकून आडवीच झाले. फूलवालीने ताक पुढे केलं. उपास मोडेल म्हणून नको म्हटलं. तिची नात म्हणाली, अज्जी, उरलेल्या पायऱ्यांना मी लावू का? तिच्या गालाला हात लावला आणि उठले. शेवटच्या दोनशे पायऱ्या कशा गेल्या ते आठवत नाही. एवढंच आठवतं की प्रत्येक वेळी वाकताना मी ह्यांचं नाव घेत होते. विजयेंद्र. एकतीस वर्षांत इतक्यांदा कधी घेतलं नव्हतं.

वर पोचायला साडेचार तास लागले. बसने खाली येताना खिडकीतून ओकले, पोटात काही नव्हतंच. पण मन पिसासारखं हलकं होतं. आता ह्यांना काही होणार नाही.

हे दारातच उभे होते. शकुंतलाबाई दहा वाजता आमच्याकडेच विरजण मागायला येऊन गेल्या होत्या. ह्यांनी माझ्या नखांकडे बघितलं, लाल-पिवळी झाली होती. काहीच विचारलं नाही. पाणी दिलं, पांघरूण घातलं.

नाडी साठ.

६ नोव्हेंबर, गुरुवार

झोपूनच आहे. अंगातला शीण उतरत नाही. हे म्हणतात, रविवारचं राहू दे. मी म्हटलं, माझ्या पायऱ्या वाया घालवू नका. त्यांनी वळून माझ्याकडे बघितलं. तेव्हा लक्षात आलं की आपण नवस सांगून बसलो. पण तो पुरा झाल्यावर सांगितलेला चालत असेल.

८ नोव्हेंबर, शनिवार

नाडी एकोणसाठ. खुणा नाहीत.

१२ नोव्हेंबर, बुधवार, दवाखाना

नर्सने पेन दिलं आहे, पण जास्त लिहू नका म्हणते.

रविवारी प्रार्थनाने मला शेवटच्या रेषेपाशी आणून खुर्चीत बसवलं होतं. बाजूलाच ट्रस्टचा तंबू. त्यात नवं मशीन फुलांचा हार घालून ठेवलेलं, वर रघूत्तमभावजींचं नाव. दोन तास चाळीस मिनिटांनी हे वळणावर दिसले. चेहरा लालभडक, तोंड उघडं. मी खुर्चीतून उठून सुप्रीता सिस्टरना ओरडून सांगितलं, त्यांना बघा, ते पडताहेत, त्यांना बघा. त्या ह्यांच्याकडे बघतच नव्हत्या. त्या माझ्याकडे बघत होत्या. मग तंबूचं कापड फिरलं आणि हार माझ्या अंगावर पडला, एवढं आठवतं.

रघूत्तमभावजींच्या मशीनवर पहिली पट्टी माझी निघाली.

इथं डॉक्टरांनी विचारलं, त्रास कधीपासून? मी म्हटलं, आजच, कधीच काही नव्हतं. हे उभे होते, पळायच्याच कपड्यांत, छातीवर नंबर. त्यांनी माझ्या पर्समधून ही वही काढली. ती मराठीत आहे, नको, असं म्हणेस्तोवर उघडलीसुद्धा. ओळीखाली बोट ठेवून, एकेक अक्षर जुळवत ते वाचायला लागले आणि डॉक्टरांना कन्नडात सांगायला लागले. बावीस ऑगस्ट, धडधड. नऊ सप्टेंबर, पाठ, दम. चोवीस, जबडा. अकरा ऑक्टोबर, गार घाम, मळमळ. डॉक्टर तारखा उतरवून घेत होते. ह्यांच्यासाठी लिहिलेली वही, आणि तिच्यात ह्यांचं एकही दुखणं नव्हतं. सगळी माझीच. काखेत कळसा आणि गावाला वळसा, तोही हजार पायऱ्यांचा.

एकोणीस ऑक्टोबरपाशी ह्यांचं बोट थांबलं. ते पान त्यांनी डॉक्टरांना सांगितलं नाही. दोनदा वाचलं, आणि मला म्हणाले, "मी दमत नव्हतो, तारा. तू दमायचीस, म्हणून मी थांबायचो."

मला तोंड कुठं लपवू असं झालं. त्या जिन्यावर मी ह्यांच्या मरणाची भीती घेऊन उभी होते, आणि हे माझ्या.

हृदयाच्या तीन नळ्या बंद आहेत. छाती उघडून ऑपरेशन करायचं आहे, शुक्रवारी सकाळी. डॉक्टर म्हणाले, पायऱ्यांवरून तुम्ही जिवंत खाली आलात हेच नवल.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

उद्या. आज मला नुसती भीती वाटते, कुठलंही कारण न जोडता. पहिल्यांदाच ती माझी स्वतःची आहे. प्रार्थना रात्रभर पायाशी बसून होती. मी तिला माझ्या सोन्याच्या पाटल्या कुठं ठेवल्यात ते सांगितलं, आणि माडीवरच्या मुलांच्या परीक्षेचं. तिनं कानांवर हात ठेवले.

हे पहाटे पाचला, पळून येतो म्हणून गेले. मला राग आला. आजच्या दिवशीही पळणं सुटत नाही. दहाला आले. पळणारा माणूस असा येत नाही. पँटचे गुडघे मळलेले, कंबर धरून हळूच खुर्चीत बसले. आणि हाताची नखं लाल-पिवळी.

देवीला दुसरं काम नाही का, असं म्हणणारा हा माणूस. मी नखांकडे बघितलं. काहीच विचारलं नाही. ह्यांनीच शिकवलंय ते.

मग म्हटलं, हात द्या, आजची नाडी राहिली. नर्सच्या घड्याळावर मोजली. चुकली असेल म्हणून परत मोजली.

ब्याण्णव.

खुणा विचारल्या. दम नाही, घाम नाही, जबडा नाही, पाठ नाही. मग कशामुळे? सुम्ने, असं हे आज म्हणाले नाहीत. माझं मनगट धरून, घड्याळाकडे न बघता, तसेच बसून राहिले.